पैसे सोमवारी, संघ गुरुवारी

दि. २१ जुलै २०२५

प्रति,
व्यवस्थापक, तिकीट विक्री व सभासद सेवा
(प्रत : जनरल मॅनेजर, बेसबॉल विभाग)

विषय : २०२६ च्या पॅकेजचं ऑटो-रिन्यूअल ट्रेड डेडलाइनच्या आधी उरकण्याबद्दल तक्रार

महोदय,

आपल्या सभासद सर्वेक्षणाच्या तळाशी ‘सोयीच्या भाषेत लिहा, भाषांतर आम्ही करून घेऊ’ अशी ओळ आहे. भांडायला मला मराठीच सोयीची पडते, म्हणून हे पत्र मराठीत.

आमच्याकडे आपल्या मेजर लीग बेसबॉल संघाच्या वीस सामन्यांचं पॅकेज आहे. चार खुर्च्या, वरचा मजला, पहिल्या बेसची बाजू. ऑल-स्टार सामन्याच्या दिवशी आपला ईमेल आला की २०२६ चं पॅकेज आपोआप रिन्यू होईल आणि पहिला हप्ता कार्डावर पडेल. नको असेल तर सोमवार, २८ जुलैच्या रात्रीपर्यंत कळवा. ईमेलच्या माथ्यावर आपल्या एक नंबरच्या स्टार्टरचा (सामना सुरू करणाऱ्या पिचरचा) मूठ आवळलेला फोटो आणि खाली ‘पुढच्या वर्षीही सोबत राहा’. ज्याचा फोटो लावला त्याचा करार या हंगामाअखेर संपतो. ट्रेड डेडलाइन, म्हणजे संघांनी आपसांत खेळाडूंची देवघेव करायची शेवटची वेळ, आहे गुरुवारी, ३१ जुलैला, ईस्टर्न वेळेप्रमाणे संध्याकाळी सहाला. म्हणजे आमचे पैसे सोमवारी पक्के होणार आणि ते कुणाला बघायला दिले हे गुरुवारी समजणार. या तारखा चुकून अशा पडल्या असतील यावर माझा विश्वास नाही.

मी फोन केला. पलीकडचा मुलगा अतिशय नम्र होता, त्याच्याबद्दल अवाक्षर नाही. तो म्हणाला, आपण अजून शर्यतीत आहोत, वाइल्ड कार्ड (डिव्हिजन म्हणजे गट न जिंकताही प्लेऑफला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांना, नेणाऱ्या जागा) तीन असतात. त्याच दिवशी दुपारी गाडीत रेडिओ लावला तर आपले जनरल मॅनेजर सांगत होते की कुठल्याही खेळाडूबद्दल फोन आला तर आम्ही ऐकून घेऊ. तिकीट विभागाच्या लेखी आपण खेळाडू घेणारे आणि बेसबॉल विभागाच्या लेखी विकणारे. एकाच इमारतीत बसता ना?

संघ हरतो याची तक्रार मी करत नाही. जिंकण्यात पन्नास टक्क्यांच्या खाली आणि शेवटच्या वाइल्ड कार्डपासून सहा-सात सामने मागे असलेला संघ बघायला आम्ही स्वखुशीने येतो. वरच्या मजल्यावर वारा छान असतो आणि धाकट्याला स्कोअरकार्ड भरायचा नाद आहे. तक्रार ही आहे की आपलं काय चाललंय ते आम्ही सोडून सगळ्यांना माहीत आहे. कालच्या सामन्यात होम प्लेटच्या मागे दुसऱ्या संघांचे स्काउट ओळीने बसले होते, मांडीवर वही, हातात रडार गन. आपला स्टार्टर टाकत होता तोवर प्रत्येक चेंडूला गन वर. सहाव्या इनिंगमध्ये त्याला काढलं, बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांतून, दुसरा आला, तशा गन पिशवीत गेल्या आणि एक जण नाचोज आणायला उठला. धाकट्याने विचारलं, मॅच संपली का? त्यांची संपली होती. माल बघून झाला होता.

आमचे सासरे सांगलीहून आले आहेत, तेही सोबत होते. हंगाम चालू असताना माणसं विकतात हेच त्यांना पटेना. आयपीएलचा लिलाव निदान आधी उरकतात, म्हणाले. त्यांना समजावताना माझ्याच डोक्यात काही गोष्टी स्वच्छ झाल्या, त्या आपल्यालाही कळवते.

२०२२ पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ प्लेऑफला जातात. त्यामुळे जुलैअखेरीला कुठलाच संघ ‘आमचं संपलं’ म्हणायला तयार नसतो, आणि आपल्यासारखे मधले संघ शेवटच्या तासापर्यंत नखं खात बसतात. पूर्वी जुलै उलटला तरी ऑगस्टात वेव्हरच्या (बाकी संघांना आधी मागायची संधी देण्याच्या) वाटेने खेळाडू हलवता यायचे. डेट्रॉइट टायगर्सनी १९८७ मध्ये पिचर डॉयल अलेक्झांडर घेतला तो १२ ऑगस्टला, आणि बदल्यात अटलांटाला वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ दिला. अलेक्झांडरने उरलेल्या हंगामात ९-० केलं, म्हणजे नऊ जिंकले आणि एकही हरला नाही, टायगर्सनी डिव्हिजन जिंकली आणि स्मोल्ट्झ पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्या सौद्यावर हसावं की रडावं हे डेट्रॉइटवाल्यांचं अजून ठरलेलं नाही. २०१९ पासून ती ऑगस्टची वाट बंद झाली. आता जे काय करायचं ते एकाच संध्याकाळी.

विकायचं असेल तर विका. माझी हरकत नाही, आणि आमच्या रांगेतल्या बहुतेकांची नसेल. १९९७ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स क्लीव्हलंडच्या फक्त साडेतीन सामने मागे होते, तरी ३१ जुलैला त्यांनी विल्सन अल्वारेझ, डॅनी डार्विन आणि रोबेर्तो हर्नांडेझ हे तिघे पिचर सॅन फ्रान्सिस्कोला दिले आणि सहा कोवळी पोरं घेतली. हा संघ क्लीव्हलंडला गाठेल असं ज्याला वाटतं तो वेडा आहे, अशा अर्थाचं मालक जेरी राइन्सडॉर्फ उघड बोलले. लोकांनी शिव्या घातल्या आणि त्या सौद्याला ‘पांढरं निशाण’ हे नाव कायमचं चिकटलं. शिव्या रास्त होत्या. पण त्या सहांतले कीथ फोक आणि बॉबी हाउरी २००० साली डिव्हिजन जिंकणाऱ्या संघाच्या बुलपेनमध्ये होते. आणि मालकाने गिऱ्हाइकाला निदान तोंडावर सांगितलं होतं.

गेल्या वर्षीचं उदाहरण तर ताजंच आहे. टायगर्सनी ३० जुलैला पिचर जॅक फ्लॅहर्टी डॉजर्सना दिला. ऑगस्टच्या दहा तारखेला संघ ५५-६३ होता. फ्लॅहर्टीच्या बदल्यात आलेल्या दोघांपैकी ट्रे स्वीनीला त्यांनी अडीच आठवड्यांतच खालच्या लीगमधून वर बोलावून शॉर्टस्टॉपला उभं केलं, आणि तोच संघ ८६-७६ वर संपून २०१४ नंतर पहिल्यांदा प्लेऑफला गेला, तिथे ह्यूस्टनला हरवलं. फ्लॅहर्टीला तिकडे वर्ल्ड सिरीज मिळाली. दोन्हीकडची माणसं खूश. विकलं म्हणजे हंगाम संपलाच असं नसतं, हे आपल्या त्या फोनवरच्या मुलाला कुणीतरी सांगा. त्याला तिकिटं विकायला मदतच होईल.

घ्यायचं असेल तर घ्या, पण मग अटलांटासारखं घ्या. २०२१ च्या जुलैत त्यांचा रोनाल्ड अकुन्या गुडघा मोडून बसला, संघ पन्नास टक्क्यांच्या खाली, आणि त्यांनी चार आउटफिल्डर आणले. त्यांतला एडी रोसारिओ लीग चॅम्पियनशिपचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) ठरला आणि होर्हे सोलेर वर्ल्ड सिरीजचा. या गोष्टीचं बोट धरून दर जुलैत कुणीतरी खड्ड्यात जातं. २०२३ मध्ये एंजल्सनी आपला सर्वांत मोठा तारा शोहेई ओहतानी याला विकायचं नाही असं ठरवलं आणि उलट लुकास जिओलितो, रेनाल्डो लोपेझ, सी. जे. क्रॉन, रँडल ग्रिचुक गोळा केले. ऑगस्ट उजाडला तसे ओळीने सात सामने हरले. महिनाअखेरीला जिओलितो, लोपेझ, ग्रिचुक यांना पैसे वाचवायला वेव्हरवर टाकलं. ७३-८९. डिसेंबरात ओहतानी दहा वर्षं आणि ७० कोटी डॉलरच्या करारावर डॉजर्सकडे गेला, आणि एंजल्सच्या हाती एक ड्राफ्ट पिक, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीतली एक जादा पाळी, उरला. तरीही खरं सांगायचं तर एंजल्सच्या प्रेक्षकांना मी फसवलेले म्हणणार नाही. त्यांना जे सांगितलं तेच करून दाखवलं, फक्त जमलं नाही.

माझी भीती आहे ती तिसऱ्या प्रकाराची, कारण आपली पावलं तिकडेच पडताना दिसतात. २०२२ चे रेड सॉक्स आठवा. १ ऑगस्टला ते ह्यूस्टनमध्ये खेळायला गेलेले आणि तिथेच त्यांनी आपला कॅचर ख्रिश्चन वाझ्केझ यजमान अ‍ॅस्ट्रोजना विकला. बॅटिंग प्रॅक्टिस चालू असताना बातमी आली. बिचाऱ्याला विमानसुद्धा पकडावं लागलं नाही, सामान उचलून समोरच्या डगआउटकडे जायचं. त्याच सुमारास टॉमी फॅम आणि एरिक हॉझमर विकत घेतले. एका हाताने विकायचं, दुसऱ्याने घ्यायचं. शेवटी ७८-८४ आणि डिव्हिजनमध्ये तळाला. झँडर बोगार्ट्स आणि नेथन इव्हॉल्डी यांना ठेवून घेतलं होतं, ते हिवाळ्यात निघून गेले. वर लक्झरी टॅक्सची (खेळाडूंच्या पगारखर्चावरच्या कराची) २३ कोटी डॉलरची रेघ थोडक्यात ओलांडलेली, म्हणून त्यांच्या बदल्यातले पिक दुसऱ्या फेरीनंतरच्या ऐवजी चौथ्या फेरीनंतर मिळाले. विकलेला कॅचर तेवढा सत्कारणी लागला. त्याला ह्यूस्टनमध्ये वर्ल्ड सिरीज मिळाली, आणि बदल्यात आलेल्या विल्यर अब्रेऊने २०२४ मध्ये क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह मिळवला. याहून वाईट कोलोरॅडो. २०२१ मध्ये ट्रेव्हर स्टोरी आणि जॉन ग्रे दोघांचे करार संपत आलेले, दोघांनाही विकलं नाही. स्टोरीला निदान क्वालिफाइंग ऑफर (ठरलेल्या रकमेचा एका वर्षाचा करार; तो नाकारून खेळाडू गेला तर संघाला पिक मिळतो) दिली, तो गेल्यावर एक पिक आला. ग्रेला तीही दिली नाही. तो टेक्सासला गेला आणि बदल्यात काहीही आलं नाही.

नियम आपल्याला मी शिकवायला नको. पण हंगामाच्या मध्यात आणलेल्या खेळाडूला नवा संघ क्वालिफाइंग ऑफर देऊ शकत नाही, म्हणून दोन महिन्यांच्या भाडोत्री पिचरला किंमत मिळते ती आत्ताच. ठेवायचा असेल तर करार वाढवायची बोलणी कुठवर आली ते सांगा. आणि तळाला जाऊन ड्राफ्टमध्ये पहिला नंबर उचलू असा बेत असेल तर व्हाइट सॉक्सकडे बघा. २०२४ मध्ये १२१ सामने हरले, आणि ड्राफ्टचे वरचे नंबर सोडतीने ठरवणाऱ्या लॉटरीच्या नियमामुळे या वर्षी पहिल्या नऊ पिकांत त्यांचा नंबरच लागू शकत नव्हता.

विकूनही हमी नसते, हे मला माहीत आहे. वॉशिंग्टनने २०२२ मध्ये हुआन सोतो दिला. बदल्यात आलेले अब्राम्स, गोर आणि वुड तिघेही आतापर्यंत ऑल-स्टार झाले. संघ अजून हरतोच आहे, आणि याच महिन्याच्या ६ तारखेला त्यांनी जनरल मॅनेजर माइक रिझो आणि मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ दोघांनाही घरी पाठवलं. पण तिथल्या प्रेक्षकाला जेम्स वुड बघायला मिळतो. तिकिटाचे पैसे त्यासाठी द्यायला मी तयार आहे.

आता बॉबलहेड, म्हणजे ती मान डोलावणारी बाहुली. आमच्या फ्रिजवर आपलंच चुंबकाचं वेळापत्रक आहे, त्यात १६ ऑगस्टच्या शनिवारी आपल्या क्लोझरचं (सामना संपवायला शेवटी येणाऱ्या पिचरचं) बॉबलहेड पहिल्या काही हजार प्रेक्षकांना मिळणार असं छापलंय. धाकट्याने त्याभोवती लाल गोल केलाय. या एका सामन्यासाठी आम्ही पॅकेजबाहेरचं जास्तीचं तिकीट घेतलं, सासऱ्यांसाठी. गोलाच्या खाली भिंग लावून वाचावं लागेल अशा अक्षरांत ‘खेळाडू व भेटवस्तू बदलू शकतात’. हा क्लोझर जायचाच आहे. त्याच्या नावाने रोज तीन-चार संघांच्या बातम्या येतात, आणि आपण त्याच्या बाहुल्या करून ठेवल्या आहेत. तो गेला तर बाहुली देणार का, हे तरी कळवा. मुलाला दुसऱ्याच गणवेशातल्या माणसाची बाहुली चालेल, मी विचारलंय. न देता परत पाठवलीत तर मात्र त्या जास्तीच्या तिकिटाचे पैसे परत करावेत.

मुख्य मागणी एवढीच की ऑटो-रिन्यूअल नाकारायची मुदत २८ जुलैवरून किमान ८ ऑगस्टपर्यंत पुढे न्यावी, आणि ज्यांनी घाबरून आधीच होकार दिला त्यांनाही ती लागू करावी. १ ऑगस्टला जनरल मॅनेजरांच्या सहीने सभासदांना एक पान लिहावं : कुणाला दिलं, कुणाला घेतलं, आणि २०२६ मध्ये जिंकायचा विचार आहे की २०२८ मध्ये. ‘स्पर्धात्मक राहून भविष्याची बांधणी’ असलं काही त्यात नको. संघ विकायला काढलात तर ऑगस्ट-सप्टेंबरची उरलेली तिकिटं पुढच्या वर्षीच्या सामन्यांवर बदलून मिळावीत. विमान कंपन्यासुद्धा वेळापत्रक बदललं तर एवढं करतात.

माझ्या कार्डावरचं ऑटो-रिन्यूअल आज सकाळी बंद केलं आहे. मायनर लीगमधून बावीस वर्षांची पोरं आणून उतरवलीत तर आम्ही खुर्च्या परत घेऊ, आणि स्टार्टरशी नवा करार केलात तरी घेऊ. एक भाडोत्री बॅट्समन आणून, क्लोझर विकून, स्टार्टर तसाच ठेवून ‘शर्यतीत आहोत’ म्हणालात तर घेणार नाही.

उत्तर ईमेलने चालेल. विक्री विभागाचा फोन नको.

कळावे,

आपली,
एक सभासद
(वरचा मजला, पहिल्या बेसची बाजू)