बिलावर ‘गिअर ऑईल चेक्ड’, पण प्लग उघडला कोणी?

मा. संपादक,

मे संपत आला की दरवर्षी पेपरात पावसाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यायची ते छापून येतं, टायर बघा, वायपर बदला, ब्रेक बघा, बॅटरी बघा. सगळं बरोबर आहे, पण गिअरबॉक्स आणि मागच्या क्राऊनच्या (इंजिनाची ताकद चाकांकडे वळवणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाच्या) हाऊसिंगमधल्या, म्हणजे बाहेरच्या लोखंडी पेटीतल्या, ऑईलबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. आपल्या गोव्यात एवढा पाऊस, वर चोर्ल्याचा नि अनमोडचा घाट, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

इंजिन ऑईलला काठी असते, मालक स्वतः काढून बघू शकतो. गिअर ऑईलला बहुतेक गाड्यांना काठी नाही. हाऊसिंगच्या बाजूला प्लग असतो, तो काढायचा, बोट घालायचं, ऑईल भोकाच्या खालच्या कडेला टेकलं की लेव्हल बरोबर. बस्स. पण त्यासाठी गाडीखाली शिरायला लागतं, प्लगभोवतीची माती पुसायला लागते नाहीतर तीच आत जाते, म्हणून हे काम सर्रास टाळलं जातं. ओळखीच्या एका टेम्पोवाल्याने सर्व्हिसिंग करून गाडी आणली, बिलावर ‘गिअर ऑईल चेक्ड’ म्हणून टिक, आणि खाली वाकून बघतो तर प्लगवर वाळलेल्या लाल चिखलाचं खापर जसंच्या तसं, पाना लागल्याची खूणसुद्धा नाही. विचारल्यावर उत्तर काय, तर “पात्रांव, लीक ना, म्हणटकच तेल आसा” (साहेब, गळती नाही, म्हणजे तेल आहेच). आता लीक दिसत नाही म्हणजे लेव्हल बरोबर हे कुठलं शास्त्र? मागच्या वेळी भरलेलंच कमी असेल तर?

बरं, काही ठिकाणी प्लग उघडतात, पण गाडी उतारावर. आपल्याकडची रस्त्याकडेची अर्धी गॅरेजं चढ-उतारावरच आहेत, त्यात एका बाजूला जॅक लावून गाडी उचललेली. अशा तिरक्या गाडीचा प्लग काढला तर कधी भरलेलं हाऊसिंग रिकामं वाटणार, कधी कमी असलेल्यातून ऑईल बाहेर येणार. गाडी सपाट जागेवर हवी आणि चालवून आणल्यावर थोडा वेळ उभी ठेवायला हवी, कारण गिअरवर उडालेलं ऑईल खाली उतरायला वेळ लागतो.

लेव्हल कमी असली की पिनियनचं (क्राऊनला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचं) बेअरिंग ओरडायला लागतं, ते निदान ऐकू तरी येतं. जास्त भरलेलं ऐकू येत नाही, आणि आपल्याकडे ‘थोडं जास्त घातलं तर बरंच’ अशी समजूत पक्की आहे. फिरणारा क्राऊन जास्तीचं ऑईल ताकासारखं घुसळतो, फेस होतो, फेसात हवा असते त्यामुळे दातांवर धड थर बसत नाही, ऑईल तापतं, मग ब्रीदरमधून (हाऊसिंगच्या हवा जायच्या भोकातून) नाहीतर सीलमधून (ऑईल अडवणाऱ्या रबरी कडीतून) वाट काढतं. मागच्या एक्सलचं सील गेलं की तेच ऑईल ब्रेकच्या ड्रममध्ये, लायनर भिजलेले, आणि तुम्ही भर पावसात घाट उतरताय! हे नुसतं पार्ट खराब होण्याचं प्रकरण नाही.

पाण्याचा विषय तर आणखी वेगळा. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपगाड्या वाटेत ओहोळ ओलांडतात हे सगळ्यांनी पाहिलंय. चालून तापलेलं हाऊसिंग एकदम थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ब्रीदरला नळी लावून तोंड वर नेलेलं असलं तर बराच बचाव होतो, पण ते केलेलं असतंच असं नाही. आणि त्यासाठी दूधसागरलाच जायला पाहिजे असंही नाही, पणजीत १८ जून रस्त्यावर पाणी भरतं तेव्हा त्यातून गेलेल्या गाडीचं तेच होऊ शकतं. पाणी मिसळलेलं ऑईल दुधाळ, चहासारखं दिसतं, लेव्हल उलट वाढलेली असते, म्हणून बोट घालणारा म्हणतो फुल आहे! असलं ऑईल काढूनच टाकायला हवं, वरून भर घालून उपयोग नाही.

फोर बाय फोर जीपला गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी), पुढचा क्राऊन, मागचा क्राऊन अशी चार हाऊसिंग. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या मधलं सील गेलं की एकीकडचं ऑईल दुसरीकडे उतरतं. बाहेर थेंब नाही, पण एक उपाशी आणि एक आत तुडुंब भरलेलं. अशा वेळी जास्तीचं काढून टाकून मोकळं होणारा मेकॅनिक फक्त अर्धं काम करतो.

ग्रेडचा घोळ तर विचारूच नका. डब्यावर ८० डब्ल्यू ९० दिसलं की झालं, एकाच डब्यातून गिअरबॉक्स आणि क्राऊन दोन्ही. पण तो आकडा फक्त जाडीचा, जीएल ४ की जीएल ५, म्हणजे दातांवरचा दाब सोसायची ऑईलची प्रत, ती वेगळी बघायची असते. क्राऊनच्या हायपॉइड (एकमेकांवर घासत फिरणाऱ्या तिरक्या) दातांना जीएल ५ लागतं, त्यात गंधक-फॉस्फरसची औषधं जास्त, आणि काही जीएल ५ ऑईल गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्यांना) मानवत नाहीत. कंपनीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच घालावं, दुकानदाराच्या शेल्फवर जे आहे ते नव्हे.

स्कूटरवाल्यांनी पण वाचावं, म्हणजे निम्मा गोवा आला. बिनगिअरच्या स्कूटरला मागच्या चाकाजवळ फायनल ड्राइव्हचं (चाक फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरांचं) छोटं हाऊसिंग असतं, त्यात ऑईल साधारण शंभर-सव्वाशे मिली, त्यातलं पन्नास गेलं तर जवळजवळ निम्मं गेलं. भाड्याच्या गाड्या, पायलट लोकांच्या (दुचाकी टॅक्सीवाल्यांच्या) गाड्या दिवसभर पळतात, त्यांचं हे कितीजण बघतात देव जाणे. आणि इलेक्ट्रिक कार घेतली म्हणजे ऑईलची कटकट मिटली असं समजू नका, मोटरपुढे वेग कमी करणारा रिडक्शन गिअर असतोच आणि त्याला ऑईल लागतंच.

माझं मागणं फार नाही. सर्व्हिसिंगच्या बिलावर नुसती टिक नको, प्रत्येक हाऊसिंगपुढे प्लग उघडला का, लेव्हल कुठे होती, किती घातलं, कुठलं ग्रेड एवढं लिहावं. ऑईल बदललं असेल तर ड्रेन प्लग गिऱ्हाइकाला दाखवावा, चुंबकवाला असेल तर त्यावर करडी पेस्ट जमणं साहजिक आहे, पण नखाएवढा तुकडा चिकटलेला असला तर बेअरिंग किंवा दात तुटलाय, तिथे नवीन ऑईल ओतून गाडी परत देऊ नये. आणि काढलेलं जुनं ऑईल गटारात सोडू नये, ते २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं, गटाराचं पाणी शेवटी कुणाच्या तरी शेतात नाहीतर नदीत जातं. गिऱ्हाइकांनीही बिल देण्याआधी एकदा खाली वाकून प्लग बघावा, पुसलेला आहे की चिखल तसाच आहे ते टॉर्च मारला की लगेच कळतं.

— एक वाहनधारक, डिचोली