बातमी कशी तपासायची ते शाळेत शिकवा, नुसतं ‘सावध राहा’ सांगून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या मोबाइलवर खोट्या बातम्या येतात, त्यामुळे शाळेत याबद्दल काहीतरी शिकवायला हवं, हे आता सगळेच म्हणतात आणि त्याबद्दल माझा वाद नाहीच. मी स्वतः शाळेत शिकवते, मलाही हे तातडीचं वाटतं. पण शिकवायचं म्हणून आपण जे करतो ते बहुतेक वेळा एक भाषण असतं. सावध राहा, लगेच विश्वास ठेवू नका, फॉरवर्ड करण्याआधी विचार करा, मग एक पोस्टर स्पर्धा, एक शपथ, आणि विषय संपला. मुलं माना डोलावतात, कारण त्यांना पटलेलं असतंच, पण विचार करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, कुठे क्लिक करायचं, आधी काय बघायचं, हे त्यांना कुणी करून दाखवलेलंच नसतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८-१९ मध्ये अमेरिकेतल्या ३,४४६ हायस्कूलच्या मुलांना काही कामं दिली, त्यातलं एक असं होतं की फेसबुकवरचा एक व्हिडिओ बघा, ज्यात मतदानात गडबड होताना दिसते, आणि हा अमेरिकेतल्या गडबडीचा भक्कम पुरावा आहे का ते सांगा. मुलांसमोर इंटरनेट चालू होतं, शोधायला पूर्ण मोकळीक होती. व्हिडिओ मुळात रशियातला होता. निम्म्याहून जास्त मुलं ‘हो, भक्कम पुरावा’ म्हणाली आणि त्या व्हिडिओचं मूळ शोधून काढणारी मुलं किती, तर फक्त ३! ही मुलं काही बिनडोक नव्हती, रोज तासन्‌तास नेटवर असणारी होती, पण ‘हा व्हिडिओ आला कुठून’ हे शोधायची सवयच त्यांना नव्हती.

याच संशोधकांचा २०१७ चा दुसरा एक अभ्यास तर मला प्रत्येक शिक्षकाला वाचायला द्यावासा वाटतो. त्यांनी पीएचडी झालेले १० इतिहासकार, १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर (बातम्या आणि दावे खरे की खोटे ते तपासणारे लोक) आणि स्टॅनफर्डमधलेच २५ विद्यार्थी घेतले आणि त्यांना बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांच्या वेबसाइट दाखवून त्यातली जास्त विश्वासार्ह कोणती ते विचारलं. एक १९३० पासूनची मोठी मान्यवर संस्था, दुसरी २००२ मध्ये तिच्यातून फुटून निघालेला छोटासा गट, पण नाव जवळजवळ सारखं आणि साइट एकदम टापटीप. फॅक्ट-चेकर त्या पानावर थांबलेच नाहीत, त्यांनी लगेच नवीन टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल बाकीचे लोक काय म्हणतात ते आधी पाहिलं, आणि दहाच्या दहा जणांना उत्तर बरोबर मिळालं. इतिहासकार आणि विद्यार्थी मात्र ते पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसले, लोगो बघितला, संदर्भ बघितले, पत्ता ‘डॉट ऑर्ग’ आहे का ते बघितलं, आणि त्यातले बरेच जण फसले.

हे वाचून मी फार विचारात पडले, कारण आम्ही शिक्षक आयुष्यभर मुलांना नेमकं तेच सांगत असतो ना, की नीट वाच, पूर्ण वाच, पान सोडू नकोस. पाठ्यपुस्तकासाठी ते बरोबरच आहे, ते पुस्तक कुणीतरी आधी तपासलेलं असतं. मोबाइलवर आलेल्या मजकुरासाठी मात्र पहिली पायरी उलटी आहे, आधी बाहेर पड, हे कोण बोलतंय ते बघ, आणि मग वाचायच्या लायकीचं वाटलं तर परत येऊन सावकाश वाच. हे काही उपदेशाने येत नाही, सायकलसारखं आहे, मागे कुणीतरी धरून दोन-चार फेऱ्या मारून घ्याव्या लागतात. शिक्षकाने स्क्रीन लावून मुलांसमोर स्वतः शोधून दाखवायचं, अडखळत, चुकीच्या लिंकवर जात, परत येत, आणि मोठ्याने बोलत की मी हे का उघडलं आणि ते का सोडलं. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या एका शहरातल्या शाळांमध्ये ५० मिनिटांचे फक्त ६ तास असे घेतले तर मुलांमध्ये मोजता येईल इतकी सुधारणा दिसली, म्हणजे वर्षभराचा नवीन विषय, नवीन पुस्तक, नवीन परीक्षा यातलं काही लागत नाही.

खरं तर नवीन विषय होऊच नये असं मला वाटतं. एकदा मार्कांचा विषय झाला की मुलं ‘खोटी बातमी ओळखण्याचे पाच मुद्दे’ पाठ करणार आणि पेपर झाला की विसरणार. फिनलंडने २०१६ पासून लागू केलेल्या अभ्यासक्रमात ही गोष्ट सगळ्याच विषयांमध्ये मिसळली आहे आणि तेच शहाणपणाचं आहे. गणिताच्या तासाला उभा अक्ष शून्यापासून सुरू न करता काढलेला आलेख दाखवा, किरकोळ फरक डोंगराएवढा कसा दिसतो ते मुलांना एका मिनिटात कळतं. विज्ञानात ‘अमुक खाल्लं की तमुक आजार बरा’ असा मेसेज घ्या आणि विचारा की प्रयोग किती लोकांवर झाला, कुणी केला, तुलना कशाशी केली. भाषेच्या तासाला बातमी आणि अग्रलेख शेजारी ठेवा. २०१८ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत ओईसीडी (बहुतेक श्रीमंत देशांची संघटना) देशांतल्या १५ वर्षांच्या मुलांपैकी सरासरी ४७ टक्क्यांनाच तथ्य आणि मत वेगळं करता आलं होतं, म्हणजे हा धडा किती मूलभूत आहे बघा. केरळात कन्नूर जिल्ह्यात २०१८ मध्ये सुमारे १५० सरकारी शाळांमध्ये खोट्या बातम्या ओळखायचे वर्ग घेतले गेले, त्यामुळे हे फक्त श्रीमंत देशांना जमतं असंही नाही.

एक भीती मात्र मला खरंच वाटते. नुसतं ‘संशय घ्या’ शिकवलं तर मूल कशावरच विश्वास ठेवत नाही, आणि ‘सगळेच खोटं बोलतात’ म्हणणारं मूल भोळ्या मुलापेक्षा सुरक्षित असतं असं मला अजिबात वाटत नाही, कारण त्याला मग खरी बातमी आणि थाप एकाच मापाची वाटते आणि जे आवडतं तेच ते खरं धरतं. म्हणून विश्वास कुणावर आणि का ठेवायचा हेसुद्धा तितकंच शिकवायला हवं. बातमी तयार कशी होते, वार्ताहर दुसऱ्या बाजूला फोन का करतो, उपसंपादक काय कापतो, ‘सूत्रांनी सांगितलं’ कधी चालतं आणि कधी चालू नये, हे मुलांना ठाऊकच नसतं. मग त्यांना छापील बातमी आणि कुणाचा तरी स्क्रीनशॉट यात फरक का वाटावा?

एआयने बनवलेल्या फोटोंमुळे तर हे जास्तच निकडीचं झालंय. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस पांढऱ्या फुगीर जॅकेटमध्ये असलेला बनावट फोटो जगभर फिरला आणि कितीतरी लोकांना तो खरा वाटला. तेव्हा आम्ही मुलांना बोटं मोजा, सावल्या बघा असं सांगायचो, पण ही सॉफ्टवेअर सुधारत जातात आणि असल्या युक्त्या हळूहळू निकामी होतात. फोटो पहिल्यांदा कुठे आला, कुणी टाकला, दुसऱ्या कुणी तो छापलाय का, हे प्रश्न मात्र टिकतात. आणि हे शिकवताना सुरुवात राजकारणापासून करू नये, पालकांच्या तक्रारी येतात आणि शिक्षक घाबरून हा विषयच सोडून देतात. प्राणी, हवामान, आरोग्य यातली उदाहरणं घ्या, हात बसला की मुलं बाकीचं आपणहून तपासतात.

आता तुमच्याकडे मागणं. स्टॅनफर्डच्याच २०१६ च्या पाहणीत शाळकरी मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त मुलांना ‘प्रायोजित मजकूर’ लिहिलेली जाहिरात खरी बातमी वाटली होती. आम्ही वर्गात फरक शिकवू, पण तुम्ही जाहिरातवजा मजकूर बातमीच्याच टाइपात, बातमीच्याच मांडणीत छापला आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं तर आमच्या शिकवण्याला काय अर्थ राहिला? तिथे ‘जाहिरात’ असं ठळक छापा. चूक ज्या पानावर झाली त्याच पानावर दुरुस्ती छापा, म्हणजे ती कात्रणं मी वर्गात दाखवू शकेन की चूक कबूल करणारं माध्यम हेच विश्वास ठेवण्याजोगं असतं. आणि जमलं तर तुमच्या डेस्कवरचे कुणीतरी उपसंपादक एखाद्या शाळेत पाठवा, भाषणाला नको. त्यांनी तपासल्यावर छापायची नाही असं ठरवलेली एखादी बातमी सोबत आणावी आणि ती का थांबवली ते मुलांना सांगावं, प्रश्न विचारायचं काम मुलं करतील.

आपली,
एक शिक्षिका