समर पॅलेस पाहायचा तर कोणता?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. बीजिंगचा बेत आखणाऱ्यांनी सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत 'समर पॅलेस' दिसला, की कोणता ते आधी विचारून घ्यावे. बहुधा तो यिहयुआन असतो. जुना समर पॅलेस म्हणजे युआनमिंगयुआन वेगळा. मेट्रोच्या ४ क्रमांकाच्या मार्गावर त्याच नावाचे स्थानक आहे, यिहयुआनसाठीचे बेगाँगमेन त्यापुढे दुसरे. दोन्ही एका दिवसात उरकायला गेले, तर हाल जुन्याचेच होतात.

या जुन्या पॅलेसची जागा सुमारे ३५० हेक्टर. दक्षिण दरवाजातून शिरल्यावर पाश्चात्त्य महालांचे अवशेष ईशान्य टोकाला, दीड-दोन किलोमीटरवर आहेत. प्रवेश १० युआन, या अवशेषांसाठी आणखी १५. मूळ पासपोर्ट जवळ हवा. बहुतेक लोक थेट तिकडे जातात, मोडक्या संगमरवरी खांबांपुढे फोटो काढतात आणि राजवाडा युरोपीय होता असे समजून परततात. प्रत्यक्षात ती १८व्या शतकात चिएनलुंग सम्राटाने इटालियन चित्रकार कास्तिग्लिओने व इतर जेझुइट धर्मप्रचारकांकडून करून घेतलेली हौस, बागेचा जेमतेम एक कोपरा. बाकी महाल लाकडी होते. ऑक्टोबर १८६० मध्ये, दुसऱ्या अफू युद्धात, ब्रिटिश दूत लॉर्ड एल्जिनच्या हुकुमाने ब्रिटिश फौजेने आग लावली; लाकूड जळाले, दगड उरला. (या सूडाचे निमित्त ठरलेल्या, चिनी कैदेत हाल झालेल्या कैद्यांमध्ये ब्रिटिश फौजेतील फेन्स हॉर्स या घोडदळाचे शीख स्वारही होते, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते.) पुढे १९०० च्या बॉक्सर बंडाच्या धामधुमीत आणि नंतरही लोकांनी उरलेले लाकूड, विटा, दगड वाहून नेले.

म्हणून खरी बाग पाहायची तर फूहाय तलावाच्या काठाने पश्चिमेला, नऊ बेटांच्या भागात जावे. तिथे टेकड्या, कालवे आणि जोती एवढेच आहे, पण मूळ रचना तिथेच कळते. त्यासाठी अर्धा दिवस आणि चांगले बूट हवेत. कमळे जुलै-ऑगस्टमध्ये फुलतात. तेव्हा गर्दी व उकाडा दोन्ही असतो, सकाळी लवकर गेलेले बरे.

पाश्चात्त्य महालांपैकी हायएनथांगपुढे कारंज्याच्या जलघड्याळावरची बारा चिनी राशिप्राण्यांची कांस्यशिरे शोधत बसू नये. दर दोन तासांनी एकाच्या तोंडून आणि भर दुपारी बाराला बाराही तोंडांतून पाणी उडवणारी ती शिरे लुटीत गेली. सात शिरे चीनला परत मिळाली आहेत. त्यांपैकी घोड्याचे शिर इथल्याच झेंगजुए मंदिरात आहे; ते दक्षिण दरवाजाजवळ असल्याने परतताना पाहता येते.

एक वाचक, पुणे