तक्रार पत्र: खोक्यावर हॉल सेन्सर, आत पॉट

दि. १२ जानेवारी २०२६
ऐरोली, नवी मुंबई

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: फ्लाइट सिम्युलेटर योकच्या पिच अ‍ॅक्सिसमधील दोष, नाकारलेली वॉरंटी आणि सेन्सरबद्दल दिलेली चुकीची माहिती

महोदय,

आपल्या वेबसाइटवरून मी मार्च २०२५ मध्ये योक (विमानाचे हाताने धरायचे स्टिअरिंग) आणि रडर पेडल असा संच २८,४०० रुपयांना घेतला. त्यावर दोन वर्षांची वॉरंटी आहे. पेडलबद्दल माझे काही म्हणणे नाही. टाइल्सवर सरकत होती, खाली प्लायवूडची फळी बसवली आणि प्रश्न मिटला. तक्रार योकची आहे, आणि त्याहून जास्त आपल्याकडून आलेल्या तीन उत्तरांची.

जुलैच्या अखेरीस सरळ, एका उंचीवर चाललेल्या विमानाचे नाक हात न लावता खाली-वर होऊ लागले. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्यात मी सव्वीस वर्षे इन्स्ट्रुमेंटेशन विभागात काढली आहेत. व्हॉल्व्ह अडकलाय की ट्रान्समीटर चुकीचे दाखवतोय, हे शोधणे हेच माझे काम होते. त्यामुळे तक्रार करण्याआधी मी तपासणी केली. यूएसबी पोर्ट बदलले, केबल बदलली, मधला हब काढला, भाचीच्या लॅपटॉपला योक जोडून पाहिला. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर असो की एक्स-प्लेन १२, दोष तोच.

शेवटी दोन्ही सिम्युलेटर बंद ठेवून योककडून येणारे कच्चे आकडेच वाचले. आपला योक १२ बिटचा आहे, म्हणजे पूर्ण प्रवासाचे ४०९६ भाग आणि मध्य २०४८ च्या जवळ. योक मोकळा सोडला तेव्हा दहा मिनिटांत पिचचा, म्हणजे नाक खाली-वर करणाऱ्या हालचालीचा, आकडा १९८० ते २११५ यांच्यामध्ये नाचत राहिला. त्याच दहा मिनिटांत रोलचा, म्हणजे पंख डावी-उजवीकडे झुकवणाऱ्या हालचालीचा, आकडा दोन-तीनच्या पलीकडे हलला नाही. एकाच सर्किटवरचा एक अ‍ॅक्सिस स्थिर आणि दुसरा नाचरा, म्हणजे दोष वीजपुरवठ्यात किंवा कॉम्प्युटरमध्ये नाही, पिचच्या सेन्सरमध्ये आहे. हे आकडे, तारीख आणि व्हिडिओ मी ४ ऑगस्टच्या ईमेलसोबत पाठवले होते.

त्यावर पहिले उत्तर आले: ‘सेटिंगमध्ये जाऊन पिचचा डेडझोन १० टक्के करा.’ डेडझोन म्हणजे मध्याभोवतीची ती जागा, जिथे योक हलवला तरी सिम्युलेटर दखल घेत नाही. आपल्या माणसाने हे वाईट हेतूने लिहिले असेल असे मला वाटत नाही. पण या सल्ल्याने काय होते, ते आपण समजून घ्यावे म्हणून सविस्तर लिहितो.

खऱ्या सेस्ना १७२ मध्ये ट्रिमचे चाक फिरवले की योक जिथे आपण धरला आहे तिथेच हलका होतो. हाताला जाणवणारा जोर हवेचा असतो. वेग वाढला की तो वाढतो, वेग उतरला की योक सैल पडतो. घरच्या योकमध्ये हवा नाही, स्प्रिंग आहे, आणि स्प्रिंगला वेग कळत नाही. ती योकला कायम आपल्याच मध्यावर ओढते. म्हणून सिम्युलेटरमध्ये विमान ट्रिम करणे म्हणजे योक मध्यावर येऊन थांबेल असे करणे. हा फरक मला मान्य आहे. मोटर लावून हाताला जोर देणारे योक कितीतरी महाग असतात हे मला ठाऊक आहे, आणि या किमतीत मी तशी अपेक्षा कधीच केली नाही.

पण याचा परिणाम पाहा. ट्रिम केलेले विमान ६५ नॉटच्या आसपास उतरायला येते, तेव्हा हाताच्या सगळ्या बारीक दुरुस्त्या मध्याच्या अवतीभवती, काही मिलिमीटरांत होतात. धावपट्टीवर पोचल्यावर नाक हळूहळू उचलून विमान तरंगत ठेवायचे असते, ती फ्लेअरची ओढही तिथूनच सुरू होते. आपल्या योकचा पिचचा प्रवास मोजून १३ सेंटिमीटर आहे. त्याचे १० टक्के म्हणजे १३ मिलिमीटर. तेवढ्या भागात योक हलवला तरी विमानाला काहीच कळणार नाही, असे करायला आपण मला सांगितले. ज्या जागेसाठी मी कीबोर्ड सोडून योक घेतला, नेमकी तीच जागा आपण बंद करायला सांगितली.

माझी भाची बारामतीला वैमानिकाचे प्रशिक्षण घेते. व्यावसायिक परवान्यासाठी तिला २०० तास उडायचे आहे, आणि त्यातला प्रत्येक तास तिच्या आईवडिलांनी काढलेल्या कर्जातून येतो. सुट्टीला आली की ती माझ्याकडे बसून चेकलिस्ट म्हणते, सर्किट मारते, म्हणजे धावपट्टीभोवती फेरी घेऊन पुन्हा उतरते. घरच्या सिम्युलेटरचे तास लॉगबुकात धरत नाहीत, तशी तिची समजूतही नाही. पण हाताला सवय लागते. ऑगस्टमध्ये आपल्या सल्ल्याप्रमाणे मी डेडझोन १० टक्के केला होता आणि गणपतीच्या सुट्टीत तिने त्यावर सराव केला. परत गेल्यावर तिच्या इन्स्ट्रक्टरने विचारले, ‘फ्लेअरमध्ये योक असा हिसके देऊन का ओढतेस?’ ती मेली जागा ओलांडायला इथे तिला प्रत्येक वेळी जास्त ओढावे लागत होते. तोच हात ती खऱ्या विमानात घेऊन गेली. तिने फोनवर हे सांगितले त्या रात्री मी डेडझोन शून्यावर आणला आणि आपल्याला दुसरा ईमेल लिहिला.

मग योक आपल्या सर्व्हिस सेंटरला गेला आणि ऑक्टोबरमध्ये परत आला. सोबतच्या जॉबशीटवरची ओळ हेच आपले दुसरे उत्तर: ‘पिच पॉट साफ केला, चाचणी ठीक.’ पॉट म्हणजे पोटेन्शिओमीटर, घासून चालणारा सेन्सर. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘हॉल इफेक्ट सेन्सर’ छापले आहे, वेबसाइटवरही तेच आहे, आणि कुठल्या अ‍ॅक्सिसला हे कुठेच लिहिलेले नाही. हॉल सेन्सरमध्ये चुंबक फिरतो आणि सेन्सर त्याचे क्षेत्र मोजतो. दोघे एकमेकांना टेकत नाहीत, म्हणून झिजण्यासारखे किंवा पुसण्यासारखे तिथे काही नसते. पॉटमध्ये कार्बनच्या पट्टीवर धातूचे बोट घासत फिरते. ते साफ करावे लागते, कारण ते झिजते. आणि आधी लिहिल्याप्रमाणे योक सगळ्यात जास्त वेळ मध्यावरच हलतो, म्हणून पट्टी तिथेच आधी खराब होते. साफ केलेला पॉट पाच आठवडे चालला. नोव्हेंबरच्या मध्यापासून आकडा पुन्हा नाचू लागला.

पॉट वापरण्यालाच माझा विरोध आहे असे समजू नये. १५ पिनच्या गेमपोर्टला लावायच्या जुन्या जॉयस्टिकमध्ये पॉटच असत, आणि मी त्या वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा कॅलिब्रेट करून आनंदाने वापरल्या. तेव्हा कोणी मला हॉल सेन्सर म्हणून पॉट विकला नव्हता. या वेळी मी दुप्पट पैसे मोजले ते त्या दोन शब्दांसाठी.

तिसरे उत्तर ९ डिसेंबरचे: ‘दमट हवामानामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही.’ ऐरोली खाडीकाठी आहे. जून ते सप्टेंबर इथे पाऊस असतो आणि हवा दमट असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे, आपल्यालाही. आपण ठाणे, मुंबई, नवी मुंबईत घरपोच माल देता, म्हणजे तो याच हवेत वापरला जाणार हे धरूनच देता. योक माझ्या बेडरूममध्ये, कपड्याच्या आच्छादनाखाली असतो. त्याच टेबलावरचा कॉम्प्युटर सातव्या पावसाळ्यातही चालू आहे. आणि त्याच हवेत, त्याच खोक्यातला रोलचा हॉल सेन्सर आजही दोन-तीन आकड्यांच्या पलीकडे हलत नाही. दमट हवाच कारण असती तर तिने एकच अ‍ॅक्सिस का निवडला?

उलव्याच्या नव्या विमानतळावरून आता विमाने उडू लागली आहेत. तिथली ३,७०० मीटरची धावपट्टी सिम्युलेटरमध्ये समोर दिसते आणि खाडी, पारसिकचा डोंगर, आपल्याच घराची बाजू ओळखीची वाटते. भाची दिवाळीत म्हणाली होती, मामा, पहिले लँडिंग दोघांनी मिळून करू. योक खोक्यात आहे म्हणून ते अजून राहिले आहे.

माझी मागणी सरळ आहे. पिच आणि रोल दोन्हींना हॉल सेन्सर असलेला योक मला बदलून द्यावा. असा योक आपण बनवत नसाल तर योकच्या वाट्याचे १९,६०० रुपये परत करावेत. साफ करून परत पाठवलेला जुना योक मी घेणार नाही. त्याचबरोबर वेबसाइटवर आणि खोक्यावर कोणत्या अ‍ॅक्सिसला कोणता सेन्सर आहे ते स्पष्ट छापावे. हे मी माझ्यासाठी मागत नाही. माझ्यासारखे अनेक जण त्या दोन शब्दांवर विश्वास ठेवून पैसे भरतात, त्यांच्यासाठी मागतो.

ई-कॉमर्ससाठीच्या ग्राहक संरक्षण नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. माझ्या आधीच्या दोन ईमेलना पोचसुद्धा नव्हती, थेट अशी उत्तरे आली. महिन्यात निर्णय न कळल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथे दावा लावता येतो आणि दिशाभूल करणारी जाहिरात हाही तक्रारीचा विषय असतो. तिथवर जायची मला हौस नाही.

योक मूळ खोक्यात भरून ठेवला आहे. तळाचे सील शाबूत आहे, मी तो उघडलेला नाही. कुरिअर पाठवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करावा. आमच्या इमारतीची लिफ्ट दुपारी दोन ते चार बंद असते आणि मी चौथ्या मजल्यावर राहतो.

आपला ग्राहक,
(सही)

सोबत: बिलाची प्रत, ऑक्टोबरची जॉबशीट, ४ ऑगस्ट आणि २० नोव्हेंबरला घेतलेल्या आकड्यांचा तक्ता, खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो.