धसका अंगातून उतरवताना

छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, भूकंपाचा धसका उतरवायच्या उपचारासाठी पुढच्या गुरुवारी तुम्ही लातूरला समुपदेशकाकडं जायला तयार झालात, हे आईकडून कळलं. खूप बरं वाटलं. तिथं काय करतात, काय करू नये आणि कुठं 'थांबा' म्हणायचं, ते आधीच लिहून पाठवते. आई, तू वाचून दाखव.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात काय झालं, ते पहिल्या दिवशी कुणालाही सांगायची गरज नाही. विचारलं तरी 'आज नको' म्हणा. चांगला समुपदेशक त्यावर अडून बसत नाही.

पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, माळवदाची जड मातीची छतं खाली आली. अशा वेळी माणसाचं अंग पळायला किंवा झुंजायला तयार होतं: छाती धडधडते, स्नायू आवळतात, श्वास वरच्यावर होतो. पळता आलं नाही, तर ते जागीच थिजतं. धोका टळल्यावर बहुतेकांचं अंग हळूहळू निवतं, काहींचं निवत नाही. प्रत्येकाच्या मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, तो विचार पोचायच्या आत घंटा वाजवतो. म्हणून रस्त्यावरून ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली, की तुमचे खांदे आधी कानाशी जातात आणि 'ट्रक होता' हे मागाहून कळतं. 'मन घट्ट करा' असं लोकांनी तुम्हाला इतकी वर्षं सांगितलं. त्यात तुमची काही कसूर नव्हती बाबा. तो सल्लाच चुकीच्या दारावर टकटक करत होता.

या उपचारात सुरुवात अंगापासून करतात. बैठक पाऊण ते एक तासाची. आधी डोळे उघडे ठेवून खोलीभर सावकाश नजर फिरवायला सांगतील: दार, खिडकी, कोपरे. मान वळू द्या, दोन-तीन मिनिटं लागू द्या. मग अंगातली बरी वाटणारी एक जागा शोधायची. बहुतेकांना तळपाय सांगतात. पण साखरेमुळं तुमचे तळवे बधिर आहेत, तिथं काहीच कळणार नाही आणि 'मला हे जमत नाही' असं वाटेल. तुम्ही खुर्चीला टेकलेली पाठ घ्या, नाहीतर मांडीवर ठेवलेले तळहात. हे समुपदेशकाला आधीच सांगा.

ती जागा सापडली की त्रासातला अगदी लहान तुकडा घ्यायचा. भूकंपाची रात्र नाही, ट्रकचा आवाज. दहा-वीस सेकंद तो आठवायचा, अंगात कुठं काय होतंय ते बघायचं आणि लगेच तळहाताकडं परत यायचं. असं जा-ये, जा-ये. अंगापासून सुरू होणारा हा उपचार मांडणारे मानसतज्ज्ञ पीटर लेव्हिन यांच्या पद्धतीचा हाच गाभा आहे. मध्येच हात थरथरतील, जांभई येईल, पोट गुरगुरेल, डोळे भरतील. थरथर दाबू नका, मुद्दाम आणूही नका. मात्र थरथरीसोबत घाम आणि भूक असेल तर आधी साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर पाण्यात तीन चमचे साखर घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

बिघडतं ते घाईनं. एका दमात सगळी रात्र सांगून घेतली, तर माणूस पुन्हा त्या ढिगाऱ्यात जातो आणि पुढचे दोन-तीन दिवस झोप उडते. 'डोळे मिटा, खोल श्वास घ्या' हेही सगळ्यांना मानवत नाही. अंधार झाला की धसका वाढतो, आणि भराभर खोल श्वास घेतले तर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. श्वास घ्यायचाच तर आत चार अंक, बाहेर सहा अंक, पाच-सहा वेळा. रोखून धरायचा नाही. श्वास सोडताना हृदयाची गती उतरते, म्हणून बाहेरचा लांब.

भिंत ढकलायला सांगितलं तर हातभर अंतरावर उभे राहा, तळवे छातीच्या उंचीवर, कोपरं थोडी वाकवलेली. श्वास सोडत पाच अंक ढकला, सोडा, थांबा. तीनदा पुरे. दम कोंडून जोर लावू नका, रक्तदाब चढतो.

आई, हे तुझ्यासाठी. बाबांची नजर एकाच जागी खिळली, हात बर्फासारखे पडले, हाक ऐकू येईना, तर बोलणं तिथंच थांबवायचं. हातात गार पाण्याचा तांब्या दे, समोरच्या पाच वस्तूंची नावं विचार. पहाटे दचकून उठले तर अंगाला हात लावून हलवू नकोस. दिवा लाव, पायथ्याशी उभी राहून म्हण, 'अहो, मी आहे. आपण नव्या गावठाणातल्या घरात आहोत.' आजचा वारही सांग. छातीत दुखलं, डावा हात भरून आला, तर ते 'मनाचं' समजू नका, सरळ दवाखाना गाठा.

आता खरं ते सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये मोठ्यांसाठी आघातावर केंद्रित वर्तन-उपचार आणि डोळ्यांच्या हालचालींची ईएमडीआर पद्धत सुचवली. अंगावर आधारलेल्या उपचारांचा पुरावा त्यापेक्षा कमी आहे. इस्रायलमध्ये ६३ जणांवर लेव्हिन यांच्या पद्धतीच्या, आठवड्याला एक अशा १५ बैठकांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात उपयोग दिसला. अंगात भीती 'साठते' हे सांगायला सोपं, पण मोजून दाखवलेलं नाही. तरी बोलायलाच नको वाटणाऱ्या माणसासाठी ही वाट मला योग्य वाटते. पाच-सहा बैठकांनंतर फरक नसेल तर ईएमडीआरबद्दल विचारू.

एका बैठकीत बरं करतो म्हणणाऱ्याकडं जायचं नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. न विचारता अंगाला हात लावला तर उठून या. अंग दाबणं, मालिश म्हणजे हा उपचार नव्हे. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू ठेवा. झोपेची गोळी शेजाऱ्याकडून आणून घेऊ नका. मधल्या दिवसांत रात्री-अपरात्री जड वाटलं तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

गुरुवारी मोटारसायकल नको, एसटीनं जा. बैठक झाल्यावर अर्धा तास तिथंच बसा, चहा घ्या, मग निघा. त्या संध्याकाळी पाहुणे नकोत, बातम्या नकोत. जाताना साखरेची वही आणि गोळ्यांची चिठ्ठी पिशवीत ठेवा. बाबा, जेवून निघा, उपाशीपोटी जाऊ नका.

तुमची लेक