लाल झाकणाचा डबा

जालना, रविवार

चि. निखिल, अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. बाबांचा गुडघा आहे तसाच. घर फार छान घेतलंस, अख्ख्या गल्लीला फोटो दाखवून झाले. वास्तुशांतीच्या दिवशीचं काही काढायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलेय.

वॉचमनमामांची माफी मागितलीस का?

माझी पिशवी बघून त्यांनी मला कामवाल्यांच्या लिफ्टकडे धाडलं. नियम तुमच्या सोसायटीचा, त्यांचा नव्हे. तू ओरडलास, ‘आई आहे ती माझी!’ खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मग वाटलं, आई नसते तर चाललं असतं?

एकतिसाव्या मजल्यावर रात्री काही झालं तर कोण धावून येणार? शेजाऱ्यांचं नाव तुला सांगता आलं नाही. येणार ते वॉचमनमामाच ना?

जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत लोकांचं रक्त तपासलं, त्यात तुझं चेंबूरही होतं. झोपडपट्टीत 57 टक्के लोकांना करोना होऊन गेलेला, बाकी वस्तीत 16 टक्क्यांना. वॉर्ड तोच. पण तिकडे संडास सामायिक, खोली एवढीशी; अंतर ठेवायलासुद्धा जागा लागते रे. आणि तीच माणसं सकाळी तुमच्याकडे भांडी घासायला येतात. लिफ्ट वेगळी केली म्हणून साथ थांबते का? असो. घेतलीच मी शाळा. रागावू नकोस.

त्या वर्षीचा मे आठवतो? तू पुण्याहून ई-पास काढून गाडीने आलास, मी शिरा केला. त्याच सुमारास इथल्या स्टील कारखान्यातली पोरं रुळांवरून चालत भुसावळकडे निघाली, मध्य प्रदेशात घरी जायला रेल्वे मिळेल म्हणून. करमाडजवळ दमून रुळांवरच झोपली. त्यांना वाटलं, गाड्या बंदच आहेत. 8 मेच्या पहाटे मालगाडी आली. 16 जण गेले. बरोबरच्या पोळ्या रुळांवर पडलेल्या. आपल्या दुकानातून उधारीवर पीठ नेणारी पोरंही तिकडचीच. बाबांनी वही उघडली, नावांवरून बोट फिरवलं आणि मिटून ठेवली. तू आत मीटिंगमध्ये होतास. तुला दोष नाही. मी तरी काय केलं? ‘बाहेर जाऊ नकोस’ एवढंच तुला सांगत बसले.

शेजाऱ्यांची ओळख करून घे. रात्री फोन उशाशी ठेव.

चिवड्याचे दोन डबे पाठवतेय. लाल झाकणाचा मामांचा. तू स्वतः खाली जाऊन दे, कुणाच्या हाती पाठवू नकोस. त्यात शेंगदाणे घातले नाहीत, त्यांना दाढा नाहीत.

तुझी,
आई