घावाचं नाणं घे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या पगारातून प्राचीन अथेन्सचं घुबडाचं नाणं घ्यायचं म्हणालीस, याचा मला फार आनंद झाला. तू पाठवलेले दोन्ही फोटो मोठे करकरून पाहिले. तुला ते चकचकीत आवडलंय. माझं मत मात्र दुसऱ्याला, ज्याच्या घुबडावर छिन्नीचा घाव आहे त्याला.

चार द्राख्मांची (द्राख्मा हे ग्रीक चलन), साधारण १७.२ ग्रॅमची ही नाणी इजिप्त-सीरियापर्यंत चालत. तिकडच्या व्यापाऱ्याला नाण्याच्या दुसऱ्या बाजूच्या अथीना देवीशी काय देणंघेणं? त्याला चांदी हवी. आत तांबं आणि वर चांदीचा पातळ पत्रा अशी खोटी नाणी तेव्हाही फिरत, म्हणून छिन्नी मारून आतलं बघायचं. खुद्द अथेन्समध्ये इ.स.पू. ३७५ च्या सुमारास निकोफॉन नावाच्या माणसाने मांडलेला कायदा झाला. बाजारात नाणी पारखायला सरकारी गुलाम बसे. खोटं नाणं तो जागच्या जागी कापून टाकी, आणि कामावर बसला नाही तर त्यालाच ५० फटके. १९७० मध्ये अथेन्सच्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, या कायद्याची शिळा सापडली. म्हणून घावाला डाग समजून किंमत पाडणारे मला पटत नाहीत. ते नाणं कुणीतरी पारखून घेतलंय.

चांदी अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींची. तिथे गुलाम राबत, हे लक्षात असू दे. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास तिथे मोठं घबाड लागलं, तेव्हा ते वाटून न घेता जहाजं बांधा, असं अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस याने लोकांच्या गळी उतरवलं. त्याच आरमाराने ४८० मध्ये सॅलॅमिसच्या समुद्री लढाईत इराण्यांना हरवलं.

अथीनाच्या शिरस्त्राणाचा तुरा अर्धा कापलाय म्हणून बिचकू नकोस. ठसा हाताने मारायचे, तो सरकायचाच. कड मात्र नीट बघ. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेला अनेकदा सांध्याची रेघ असते. अगदी तसंच दुसरं नाणं, तोच आकार नि तोच सरकलेला ठसा, कुठे दिसलं तर सोडून दे.

आणि कागद माग. ग्रीस-तुर्कस्तानात जमिनीतून निघालेली नाणी सरकारची असतात. चोरून उकरलेला साठा फुटला की ती कुठे, कशासोबत पुरली होती, हे कायमचं जातं. जुन्या लिलावाची नोंद असेल तर चार पैसे जास्त दे. नसेल, तर घाव असलेलंही घेऊ नकोस, थांब.

पैसे भरण्याआधी कडेचा फोटो आणि ती नोंद मला पाठव.

तुझा,
बाबा